सिक्युअर रिअल-टाइम डेटाबेस या विषयात आता पीएचडी करावी का?

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. मी हिंगण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. एमटेक झालं आहे, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघाली आहे, आता सिनॉप्सिस द्यायची आहे. गाइड सरांनी सुचवलेला विषय आहे, बहुस्तरीय सुरक्षा असलेल्या रिअल-टाइम डेटाबेसमधलं कन्करन्सी कंट्रोल (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसवरची कामं, एकमेकांत आपटू नयेत यासाठीचे नियम). म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनला डेडलाइन आहे आणि डेटाही 'गोपनीय', 'अतिगोपनीय' अशा पातळ्यांत वाटलेला आहे.

सध्या पेपर वाचून राहिले आहे. बहुतेक १९८८ ते २००० या काळातले. स्टाफरूममध्ये बाकी सगळे मशीन लर्निंगमध्ये नोंदणी करून राहिले, आणि हा विषय संपलेला आहे असं रोज कोणी ना कोणी ऐकवून जातं. मला विषय आवडला आहे. लॉकिंग, व्हॅलिडेशन, रिकव्हरी शिकवताना तास कधी संपला कळत नाही. पण आयुष्यातली चार-पाच वर्षं द्यायची म्हटल्यावर भीती वाटते.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेलं कोणी इथे आहे का? त्यात खरंच काही सुटायचं बाकी आहे का? आणि नागपुरात राहून, नोकरी आणि घर सांभाळून हे होण्यासारखं आहे का?

मिहान_बॅकएंड

मॅडम, मी मिहानमध्ये बॅकएंडचं काम करतो. पोस्टग्रेस डेटाबेस आणि संदेश वाहणारं काफ्का रोजच्या हाताखालचे. आमच्याकडे डेडलाइन असा शब्द फक्त मॅनेजर वापरतात. क्वेरीला टाइमआउट लावतो, लोड वाढला की मशीन वाढवतो, गुपित डेटा असेल तर एन्क्रिप्ट करतो. १९९० साली मेमरी महाग होती, डिस्क हळू होती, तेव्हा या विषयाला अर्थ होता. आज व्हेक्टर सर्च किंवा क्वेरी ऑप्टिमायझरमध्ये मशीन लर्निंग घ्या, पुढे इंडस्ट्रीतही संधी राहील. तुमचं भलं व्हावं म्हणूनच सांगतो आहे.

रामदासपेठ_डीबी

मी याच विषयात पीएचडी केली, नागपुरात राहून, लेक्चररची नोकरी करत. आता निवृत्त आहे. सविस्तर लिहिते.

आधी मिहानच्या भावाचं. मशीन वाढवून थ्रूपुट वाढतो, पण दोन ट्रान्झॅक्शनना एकाच वेळी एकच रो (टेबलातली ओळ) हवी असेल तर शंभर मशीन असल्या तरी एकाला थांबावं लागतं किंवा मरावं लागतं. कोणी थांबायचं, हा निर्णय जास्त रॅम घेऊन सुटत नाही. आमचं सगळं क्षेत्र त्या एका निर्णयावर उभं आहे.

सुरुवात १९७३ पासून कर. तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या माणसांनी त्याच वर्षी तीन कामं पुढे आणली. लिऊ आणि लेलँड यांनी रिअल-टाइम शेड्यूलिंगचा पाया घातला: ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांची प्राथमिकता त्या अंतरावरून ठरवली (कमी अंतर, वरचा मान) तर, कामं कितीही असोत, प्रोसेसरचा भार साधारण ६९ टक्क्यांच्या आत असेपर्यंत एकही डेडलाइन चुकणार नाही. बेल आणि लापाड्युला यांनी अमेरिकी हवाई दलासाठी गोपनीयतेचं मॉडेल मांडलं: खालच्याने वरचं वाचायचं नाही, वरच्याने खाली लिहायचं नाही. आणि बटलर लॅम्पसन यांनी दाखवलं की लिहिण्या-वाचण्याचे सगळे दरवाजे बंद केले तरी माहिती भलत्याच वाटेने गळते. त्या वाटेला त्यांनी कोव्हर्ट चॅनेल म्हटलं. या तिघांची गाठ डेटाबेसमध्ये पडायला पुढे पंधरा-वीस वर्षं गेली.

गाठ पडते म्हणजे काय ते स्वतःच्या लॅपटॉपवर बघ. पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या उघड. पहिलीत बिगिन करून एका रोवर सिलेक्ट फॉर शेअर (वाचताना रोवर लॉक ठेवणारी आज्ञा) चालव आणि कमिट न करता तशीच सोड. दुसरीत टायमिंग चालू करून त्याच रोला अपडेट दे. अपडेट अडकतं. पहिलीत कमिट केलंस की सुटतं, आणि किती मिलिसेकंद लागले ते स्क्रीनवर येतं. आता समज, पहिली खिडकी अतिगोपनीय पातळीवरची आहे आणि दुसरी साध्या पातळीवरची. वरच्याने खालचा डेटा वाचणं नियमात बसतं. पण वरच्या बाजूला एखादा घरभेदी प्रोग्राम बसला असेल, तर 'एक' कळवायचा असताना तो लॉक धरतो, 'शून्य' कळवायचा असताना धरत नाही. खालचा साथीदार नुसतं घड्याळ बघून एकेक बिट उतरवून घेतो. एक अक्षर कुठे लिहिलं गेलं नाही, परवानग्यांचा एकही नियम मोडला नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ऑरेंज बुकने या वाटांना चक्क वेग लावून दिला होता: सेकंदाला १०० बिटांहून जास्त गळती म्हणजे मोठा धोका, १ बिटाहून कमी असेल तर बहुतेक ठिकाणी चालवून घेता येईल.

मग उपाय काय? खालच्याला वरच्यासाठी कधीही थांबवायचं नाही. टक्कर झाली की वरच्याला अबॉर्ट (मधेच रद्द) करायचं. गळती बंद. पण आता रिअल-टाइमच्या बाजूने बघ. अतिगोपनीय ट्रान्झॅक्शन बहुधा सर्वांत महत्त्वाची असतात, निर्णय घेणाऱ्या माणसांची असतात, आणि नेमकी तीच पुनःपुन्हा मारली जातात. डेडलाइन त्यांचीच चुकते.

दोन्ही क्षेत्रांची औषधं एकमेकांना कशी मारक ठरतात याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्स. जुलै १९९७ मध्ये मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाचं कमी महत्त्वाचं काम लॉक धरून बसायचं, मधल्या महत्त्वाचं संवादाचं काम त्याला बाजूला सारायचं, आणि यानातला डेटा वाहणाऱ्या 'बस'चं सर्वांत महत्त्वाचं काम त्या लॉकसाठी ताटकळायचं. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांच्या १९९० च्या पेपरातला उपाय पृथ्वीवरून पाठवून चालू केला गेला: लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरती थांबलेल्याची प्राथमिकता उसनी द्यायची. सुंदर उपाय. पण हाच उपाय बहुस्तरीय डेटाबेसमध्ये लाव. वरच्या पातळीचं तातडीचं ट्रान्झॅक्शन खालच्याच्या लॉकवर थांबलं की खालचं ट्रान्झॅक्शन एकदम वेगाने पळायला लागतं, आणि त्या वेगावरून त्याला कळतं की वर कोणीतरी घाईत आहे. मंगळावरचं औषध इथे फितुरी करतं. हे मी पहिल्यांदा कागदावर आकृती काढून पाहिलं त्या दिवशी माझा विषय पक्का झाला.

वाचायचा क्रम सांगते. ॲबट आणि गार्सिया-मोलिना, प्रिन्स्टन, १९८८. डेडलाइन असलेल्या ट्रान्झॅक्शनचं शेड्यूलिंग सिम्युलेशनने तपासण्याची रीत तिथे बघ. मग हरित्सा, केरी, लिव्हनी, विस्कॉन्सिन, १९९०: मुदत उलटलेलं ट्रान्झॅक्शन फेकूनच द्यायचं असेल तर लॉकिंगपेक्षा ऑप्टिमिस्टिक पद्धत (आधी काम करू द्यायचं, टक्कर शेवटी तपासायची) का सरस ठरते. मग कृती रामामृतम यांचा १९९३ चा आढावा. त्यातून डेटालाही वय असतं हे पक्कं समजतं: तापमानाची नोंद बरोबर असूनही शिळी असू शकते. आणि मग बिंटो जॉर्ज आणि जयंत हरित्सा, १९९७, बंगळूरचं आयआयएससी. तुझ्या सरांनी दिलेल्या विषयाचं ते मुख्य दार आहे. दोन पातळ्यांमधली टक्कर एका नियमाने सोडवायची आणि एकाच पातळीच्या आतली दुसऱ्या नियमाने, ही त्यांची कल्पना. वरच्या पातळीवर होणारा अन्याय कमी करण्यासाठी त्यांनी 'गार्ड' नावाची प्रवेश-नियंत्रणाची पद्धत जोडली. ते गणित कागद-पेन्सिल घेऊन सोडव.

याच्या उलट बाजू आहे संग सोन, मुक्कामला आणि डेव्हिड यांची, २०००. ते म्हणतात, छुप्या वाटेची क्षमता मोजा आणि डेडलाइन फारच चुकायला लागल्या तर मोजूनमापून थोडी गळती चालू द्या. मी पहिल्या, म्हणजे गळती नकोच या बाजूची आहे, आणि कारण साधं आहे. चुकलेली डेडलाइन दिसते. ती लॉगमध्ये येते, तिच्यावर कोणी तरी ओरडतं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती होते. गळलेला बिट कुठेच दिसत नाही.

नागपुरातून होतं का? माझ्या वेळी व्हीआरसीईच्या (आताच्या व्हीएनआयटीच्या) लायब्ररीत मिळेल तेवढं वाचायचं, बर्डीवर झेरॉक्स काढायचे, उरलेल्यासाठी लेखकांना ईमेल करायची. पोस्टस्क्रिप्ट फाइल यायची. अनोळखी लेक्चररला इतक्या मोठ्या माणसांनी मनापासून उत्तरं दिली, त्याचं मोल मला अजून वाटतं. १९९६ ची व्हीएलडीबी परिषद मुंबईत भरली होती; आपल्या दारात जगभरचे डेटाबेसवाले आले होते. सिम्युलेटर सी मध्ये लिहिला, आणि भारनियमनाचं वेळापत्रक बघून रात्रीचे रन लावायचे. तुला आज पेपर घरबसल्या मिळतात आणि लॅपटॉपवर माझ्या रात्रभराचा रन चहा होईतो संपेल. या विषयाला महागडी लॅब लागत नाही, ग्राफिक कार्ड लागत नाही. सलग विचार करायला वेळ लागतो, आणि तो मात्र घरच्यांशी बोलून मागून घ्यावा लागतो. मी पहाटेचे दोन तास मागून घेतले होते. नवरा डबा करायचा. हे आधी ठरव, सिनॉप्सिस नंतर.

अंबाझरी_ग्रिड

मॅडमनी फार छान समजावलं, पण चुकलेल्या डेडलाइनच्या मुद्द्यावर मला बोलायचं आहे. माझी नोकरी वीज क्षेत्रात गेली, स्काडा (दूरच्या यंत्रांवर नजर ठेवणारी संगणक यंत्रणा) आणि रिले प्रोटेक्शन (बिघाड झाला की लाइन आपोआप तोडणं). नागपुरात अंबाझरीला एरिया लोड डिस्पॅच सेंटर (विजेच्या ग्रिडचा ताळमेळ ठेवणारं केंद्र) आहे, बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची, दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकचं शेड्यूल वेगळं. इथे चुकलेली डेडलाइन 'दुसऱ्या दिवशी दुरुस्त' होत नाही. जुलै २०१२ मध्ये उत्तरेचा ग्रिड पडला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड एकदम झोपले. आपला पश्चिम ग्रिड वाचला.

डेटाचं वय म्हणाल तर सबस्टेशनचे आकडे कंट्रोल रूमला आणणाऱ्या आमच्या आयईसी १०४ प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक आकड्यासोबत गुणवत्तेचे बिट येतात. त्यात एक बिट फक्त हेच सांगतो की हा आकडा ताजा नाही. ऑपरेटरला रिकामी जागा दिसलेली चालते, जुना आकडा नव्यासारखा दिसलेला चालत नाही. रिकामी जागा दिसली की तो सबस्टेशनला फोन करतो. जुना आकडा दिसला की त्यावर विसंबून ब्रेकर उघडतो.

आणि सुरक्षा? हा प्रोटोकॉल मुळात उघडा. एन्क्रिप्शन नाही, समोरचा कोण हे तपासणं नाही. नंतर आयईसी ६२३५१ हे सुरक्षेचं मानक आलं. पण सबस्टेशनच्या आत ट्रिपचा (लाइन तोडण्याचा) संदेश ३-४ मिलिसेकंदांत पोचावा लागतो, आणि त्यावर आधी सुचवलेली आरएसए पद्धतीची डिजिटल सही रिलेच्या लहानशा प्रोसेसरला त्या वेळेत झेपत नव्हती. आमच्यासाठी आधी डेडलाइन, मग बाकी सगळं. ज्या दिवशी फॉल्ट होतो त्या दिवशी गुपित राखलं आणि ट्रान्सफॉर्मर जळला, तर काय उपयोग?

हिंगणा_रोड

मॅडम, दोन खिडक्यांचा प्रयोग आत्ताच करून पाहिला. अपडेट खरंच अडकलं आणि वेळ दिसली. वर्षानुवर्षं लॉकिंग शिकवते, पण त्या आकड्याकडे अशा नजरेने कधी पाहिलं नव्हतं. फॉर शेअर न लावता नुसता सिलेक्ट केला तर अपडेट अडकलं नाही. म्हणजे पोस्टग्रेससारख्या मल्टिव्हर्जन (एकाच रोच्या अनेक आवृत्त्या ठेवणाऱ्या) डेटाबेसमध्ये ही वाट आपोआप बंद झाली असं म्हणायचं का? तसं असेल तर माझा विषय खरंच संपला. आणि अंबाझरीच्या काकांचं म्हणणंही पटतं. मग नवीन काम नेमकं कुठे करायचं?

रामदासपेठ_डीबी

नुसत्या सिलेक्टने अडकत नाही हे स्वतःहून करून पाहिलंस, छान. तुझ्या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न तूच विचारला आहेस.

मल्टिव्हर्जनमध्ये वाचणाऱ्याला जुनी आवृत्ती मिळते, म्हणून लिहिणारा थांबत नाही. वरच्याने खालचं वाचलं तरी खालच्याला पत्ता लागत नाही. लॉकची वाट बंद झाली, हे खरं. पण वरच्याच्या हातात काय पडलं? त्याचं ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाचं चित्र (पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'रिपीटेबल रीड' पातळी लावावी लागते; मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक क्वेरीला नवं चित्र मिळतं). ट्रान्झॅक्शन लांबलं तर ते चित्र शिळं होत जातं, आणि काकांनी सांगितलेला 'ताजा नाही' हा बिट इथे कोणीच लावत नाही. म्हणजे गुपित राखलं, डेडलाइन पाळली, आणि किंमत डेटाच्या वयात चुकवली. गुप्तता, मुदत आणि ताजेपणा या तिघांत ओढाताण आहे. १९९७ च्या पेपरचा रोख पहिल्या दोघांवर होता. शिवाय वरचा वाचक बराच वेळ उघडा राहिला तर जुन्या आवृत्त्या साफ करता येत नाहीत, टेबल फुगतं, आणि खालच्यांच्या क्वेरी हळू होतात. ते हळू होणंही मोजता येतं. वाट बंद झाली नाही, अरुंद झाली. किती अरुंद, ते मोजून दाखव. सेकंदाला किती बिट? ऑरेंज बुकच्या १ बिटाच्या खाली जातं का? हा पहिला पेपर होऊ शकतो आणि त्याला पोस्टग्रेस आणि तुझा लॅपटॉप पुरतो.

काका, तुमचं म्हणणं मी मान्य करते, पण एक भेद करून. ट्रिपचा संदेश गुप्त असायची गरज नाही. फॉल्ट झाला हे कोणी वाचलं तरी बिघडत नाही. तो खरोखर तुमच्याच रिलेने पाठवला आहे आणि वाटेत कोणी बदलला नाही, एवढंच महत्त्वाचं. ते प्रामाण्य. आमच्या क्षेत्राने सगळी सुरुवात सैन्याच्या गुप्ततेपासून केली, म्हणून बेल-लापाड्युला आमच्या डोक्यात बसलं. प्रामाण्याला मुदत जोडली तर लॉकचे नियमही बदलतात: संशयित ठिकाणाहून आलेल्या लेखनाने विश्वासू वाचकाला थांबवायचं की नाही, असा उलटा प्रश्न उभा राहतो. तुमच्यासारख्या माणसाने त्याची खरी आकडेवारी कशी दिसते हे सांगितलं तर या मुलीचा प्रबंध कागदी राहणार नाही.

मिहानच्या भावासाठीही यात जागा आहे. एका क्लाउड डेटाबेसवर आज अनेक गिऱ्हाइकं एकत्र नांदतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले तेव्हा जगाला कळलं की सामायिक हार्डवेअरवर नुसती वेळ मोजून दुसऱ्याची मेमरी वाचता येते. लॅम्पसन यांनी १९७३ मध्ये मांडलेलीच काळजी. आणि 'एन्क्रिप्ट करतो' म्हणालास, तर एमआयटीच्या २०११ च्या क्रिप्टडीबीचं (एन्क्रिप्ट केलेल्या डेटावरच क्वेरी चालवणारी व्यवस्था) काम आणि त्यानंतर त्यावर झालेली टीका दोन्ही वाच: क्रम टिकवणारं एन्क्रिप्शन क्रमच उघडा करतं.

मुली, गाइड सरांना जाऊन स्पष्ट विचार, विषयाच्या नावात 'मल्टिव्हर्जन' आणि 'डेटाचा ताजेपणा' घालायला त्यांची हरकत आहे का. नुसतं 'कन्करन्सी कंट्रोल' ठेवलंस तर परीक्षक जुन्या पेपरांशी तुलना मागतील आणि तू त्यातच अडकशील. मशीन लर्निंगवाल्यांशी वाद घालत बसू नकोस, त्यांचंही काम खरं आहे. हरित्सांनी स्वतः पुढे क्वेरी ऑप्टिमायझरमध्ये मोठं काम केलं. रामामृतम आयआयटी मुंबईत आले आणि तिथे शेतकऱ्यांच्या प्रश्नोत्तरांसाठीची 'आक्वा' ही व्यवस्था उभी राहिली, मराठीतूनसुद्धा. पीएचडीचा विषय जन्मभराची शिक्षा नसते.

येत्या आठवड्यात एवढं कर. वरचा एक प्रोग्राम, खालचा एक प्रोग्राम, मधे एक टेबल. वरच्याने बिटांची माळ ठरवून पाठवायची, खालच्याने फक्त वेळ मोजून ओळखायची. आधी फॉर शेअर लावून, मग न लावता पण 'रिपीटेबल रीड'मध्ये ट्रान्झॅक्शन लांबवून. आडव्या अक्षावर प्रत्येक बिटाला दिलेला वेळ, उभ्यावर चुकलेल्या बिटांचं प्रमाण. प्रत्येक बिंदूला अनेक रन घे आणि विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) दाखव, नाहीतर कोणीही पुढचं वाचणार नाही. आलेख तयार झाला की इथेच टाक, मी आणि काका दोघंही बघू.

अंबाझरी_ग्रिड

प्रामाण्याचा भेद पटला. पोरी, आकडे किती अंतराने येतात, किती उशिरा येतात आणि केव्हा शिळे ठरतात याचा नमुना मी हाताने बनवून देतो. कुठल्याही खऱ्या सबस्टेशनचा नाही, पण स्वभाव खऱ्यासारखा असेल. तुला फाइल कोणत्या स्वरूपात हवी ते सांग.

हिंगणा_रोड

काका, सीएसव्ही चालेल. प्रत्येक ओळीत मोजल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ वेगवेगळी द्या. सरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. नावातल्या बदलाचं विचारते आणि इथे कळवते.